सांध्यावरचा शिक्का

कोल्हापूर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे जहाजांच्या कारभारातील एखादा प्रश्न ह्या नगरीतील वाचकाला दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. परंतु इतिहास आणि व्यवहार ह्या दोहोंची साक्ष काढली असता तो तितकासा दूरचा राहत नाही. १८१२ च्या तहान्वये मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग इंग्रजांच्या स्वाधीन होईपर्यंत करवीर राज्याला स्वतःचा किनारा होता. आणि गगनबावड्याची जहागीर सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी करवीरकर संभाजी महाराजांसाठी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे एक स्वतंत्र अंग मानून त्याच्या बांधणीचा व खर्चाच्या तरतुदीचा जो बारकाईने विचार केला आहे, तो घाटमाथ्यावरून समुद्राकडे पाहणाऱ्या कारभाऱ्याचाच विचार आहे. आज शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींमध्ये ओतलेले सुटे भाग न्हावा-शेव्याच्या बंदरातून कंटेनरमध्ये भरून परदेशी जातात, आणि ह्याच मुलखातील तरुण कॅडेट म्हणून, पुढे इंजिनिअर किंवा अधिकारी म्हणून, त्या जहाजांवर चाकरीला असतात. जहाजावरचे दप्तर खरे की खोटे, ह्या प्रश्नाशी म्हणूनच आपला संबंध निकटचा आहे.

हे दप्तर सामान्य माणसाच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच मोठे असते. जहाज कोठून निघाले, कोणत्या दिशेने व किती वेगाने गेले, वारा कसा होता, पहाऱ्यावर कोण होते, हे डेकच्या लॉगबुकात लिहिले जाते. इंजिनाचे तापमान, फेरे आणि इंधनाचा खप इंजिनाच्या लॉगबुकात. तेलकट सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावली हे ‘ऑइल रेकॉर्ड बुक’ नावाच्या वहीत, जी शेवटच्या नोंदीनंतरही तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन मार्पोल ह्या आंतरराष्ट्रीय कराराने घातलेले आहे. आणि प्रत्येक खलाशाने किती तास काम केले व किती तास विश्रांती घेतली हे निराळ्या तक्त्यांत. ह्या हस्तलिखित नोंदींच्या जोडीला आता यंत्रेही बोलू लागली आहेत. १ जुलै २००२ नंतर बांधलेल्या, तीन हजार टन किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या मालवाहू जहाजांवर प्रवासाची सर्व माहिती आपोआप टिपणारे ‘व्हॉयेज डेटा रेकॉर्डर’ हे यंत्र सक्तीचे झाले, आणि २०१९ पासून पाच हजार टनांवरील प्रत्येक जहाजाला आपल्या इंधनाच्या खपाचा वार्षिक हिशेब आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेनुसार सादर करावा लागतो.

ह्या नोंदींना एवढे महत्त्व का, ह्याचे उत्तर अपघाताच्या प्रसंगी मिळते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ह्या दोन जहाजांची टक्कर झाली, सुमारे आठशे टन तेल समुद्रात सांडले, कंटेनर पाण्यावर तरंगू लागले, आणि रायगडच्या किनाऱ्यापर्यंत कोळी कुटुंबांच्या पोटावर पाय आला. अशा घटनेनंतर चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दोन्ही बाजूंच्या परस्परविरोधी जबान्या येणारच. त्यांचा निवाडा करण्यास त्याच्यापाशी नोंदींखेरीज दुसरा आधार नसतो, आणि त्या नोंदींत मागाहून फेरफार झाला असण्याची नुसती शंका जरी उत्पन्न झाली, तरी न्यायाचा पायाच डळमळतो.

दुर्दैवाने ही शंका निराधार नाही. अमेरिकेच्या न्यायखात्यासमोर २०१६ साली ‘प्रिन्सेस क्रूझ लाइन्स’ ह्या कंपनीने सात गुन्हे कबूल केले आणि चार कोटी डॉलरचा दंड मान्य केला. जहाजाने जाणूनबुजून केलेल्या प्रदूषणाबद्दल तोवर झालेला हा सर्वांत मोठा फौजदारी दंड होता. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ जहाजावर तेलकट पाणी शुद्धीकरण यंत्राला वळसा घालून एका गुप्त नळीने, जिला दर्यावर्दी ‘मॅजिक पाइप’ म्हणतात, थेट समुद्रात सोडले जात होते, आणि वहीत मात्र सारे नियमानुसार चालल्याच्या नोंदी होत्या. माणसांच्या श्रमांच्या नोंदींची स्थितीही फारशी निराळी नाही. सागरी श्रम संकेताप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास व आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि भारताने हा संकेत २०१५ साली स्वीकारला आहे. पण स्वीडनमधील वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या २०२० च्या अहवालाने दाखवून दिले, की विश्रांतीच्या तासांचे तक्ते नियमात बसतील असे ‘जुळवून’ लिहिणे ही अनेक जहाजांवर सवयच होऊन बसली आहे.

ह्यापुढे तर खोट्या नोंदीचा मोह वाढण्याचीच चिन्हे आहेत, कारण जहाजावरचा आकडा आता प्रत्यक्ष पैशाचे रूप घेऊ लागला आहे. २०२३ पासून प्रत्येक मोठ्या जहाजाला त्याच्या कार्बन-उत्सर्जनावरून ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. आणि युरोपीय संघाने २०२४ पासून आपल्या बंदरांशी संबंधित प्रवासांच्या उत्सर्जनावर आकार लावण्यास आरंभ केला असून, पहिल्या वर्षाच्या उत्सर्जनापैकी चाळीस टक्के, दुसऱ्याच्या सत्तर टक्के आणि २०२६ पासून शंभर टक्के हिशेबात धरण्याचे ठरविले आहे. टाकीत किती इंधन भरले आणि किती जळले, हा कालपर्यंत इंजिनरूमपुरता असलेला तपशील आता जमाखर्चाच्या मुख्य खात्यात येऊन बसला आहे; आणि ज्या नोंदीवर पैसा अवलंबून असतो, त्या नोंदीवर कोणाचा तरी हात फिरण्याचे भय नेहमीच असते.

ह्या रोगावर संगणकशास्त्राने जो उपाय सुचविला आहे त्याचे नाव ब्लॉकचेन. हा शब्द सट्टेबाजीच्या आणि आभासी चलनाच्या वार्तांमुळे बदनाम झाला असला, तरी त्यामागील मूळ कल्पना चलनाची नसून दस्तऐवजाच्या रक्षणाची आहे, आणि ती समजून घेण्यास मराठी वाचकाला परदेशी दृष्टान्ताची गरज पडू नये. मराठेशाहीत लांबलचक कागद तयार करताना एक बंद संपला की दुसरा त्याखाली चिकटवीत. मजकूर संपताच शेवटी मोर्तब करीत, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढविता येऊ नये. आणि जेथे दोन बंद जोडले जात, त्या सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवीत, अशा रीतीने की त्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या बंदावर पडावा. मधला एखादा बंद काढून त्याजागी बनावट बंद घालण्याचा कोणी प्रयत्न केला, तर दोन्ही सांध्यांवरचे शिक्के जुळत नसत आणि लबाडी पहिल्याच रुजुवातीत उघडी पडे. शिवाय महत्त्वाच्या सनदेची नोंद निरनिराळ्या दप्तरांत होत असल्यामुळे एकट्या कारकुनाला फितवून भागत नसे.

ब्लॉकचेन हेच कार्य गणिताच्या साहाय्याने करते. कोणताही मजकूर, मग तो एका ओळीचा असो वा हजार पानांचा, ‘हॅश’ नावाच्या एका गणिती प्रक्रियेतून नेला असता त्याचा ठरावीक लांबीचा एक अंकीय ठसा मिळतो. एसएचए-२५६ ह्या सर्वमान्य पद्धतीत हा ठसा चौसष्ट चिन्हांचा असतो, आणि संभाव्य ठशांची एकूण संख्या अठ्ठ्याहत्तर अंकी असल्यामुळे दोन भिन्न मजकुरांचा ठसा योगायोगाने एकच निघणे व्यवहारतः अशक्य आहे. ठशावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. परंतु मजकुरात एका दशांशाचा जरी बदल केला, ४२.६ टनांचे ४२.५ टन जरी केले, तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. आता एका तासाच्या नोंदींचा एक गठ्ठा बांधावा, त्यात मागील तासाच्या गठ्ठ्याचा ठसाही समाविष्ट करावा, आणि मग त्या सर्वांचा मिळून नवा ठसा काढावा. पुढील तासाच्या गठ्ठ्यात हा नवा ठसा जावा. अशी साखळी सिद्ध झाली, की आठवड्यापूर्वीची एक नोंद गुपचूप बदलू पाहणाऱ्याला त्यापुढील प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा बदलणे भाग पडते; आणि त्या ठशांच्या प्रती अनेक स्वतंत्र संस्थांपाशी असल्या, तर त्याचे हे काम केवळ कठीणच नव्हे, तर निष्फळ ठरते, कारण त्याच्या प्रतीचा इतर प्रतींशी मुकाबला केला जाताच फेरफार कोणत्या तासाच्या गठ्ठ्यात झाला हे कळते.

ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९९१ साली संगणकीय दस्तऐवजावर काळाची विश्वसनीय मोहोर कशी उमटवावी ह्याचे विवेचन प्रसिद्ध केले. आणि त्यांच्याच कल्पनेतून निघालेल्या कंपनीने १९९५ पासून आपल्या साखळीचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापण्याचा परिपाठ ठेवला, जेणेकरून असंख्य घरांत व ग्रंथालयांत गेलेला तो अंक हाच साक्षीदार व्हावा. २००८ साली सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने ह्या साखळीवर चलनाची इमारत उभारली. परंतु जहाजाच्या दप्तराला चलनाची इमारत नको आहे, फक्त साखळी हवी आहे.

जहाजावर तिची योजना करावयाची तर ती फार खर्चिकही होऊ नये. इंधनाचा प्रवाह मोजणारी यंत्रे, तेलाचे प्रमाण तपासणारे मापक, व्हॉयेज डेटा रेकॉर्डर आणि अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीच्या नोंदी ह्या सर्वांची माहिती जहाजावरील एका मोहोरबंद संगणकात जमा व्हावी. तिचा ठसा दर तासाला काढला जावा. आणि महागड्या उपग्रह-संपर्कातून सारी माहिती न पाठविता केवळ तो चौसष्ट चिन्हांचा ठसा किनाऱ्यावर धाडला जावा. कंपनीची व्यापारी गुपिते जहाजावरच सुरक्षित राहतात, कारण ठशावरून आत काय लिहिले आहे हे कोणालाच कळत नाही. पुढे वाद उत्पन्न होऊन मूळ नोंद मागविली गेली, तर तिचा नव्याने ठसा काढून तो त्या वेळी पाठविलेल्या ठशाशी ताडून पाहिला की काम भागते. ह्या ठशांच्या प्रती जहाजमालकाखेरीज इतरांपाशीही असल्या पाहिजेत: मुंबईच्या नौवहन महासंचालनालयापाशी, १९७५ साली स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण-संस्थेपाशी, विमा उतरविणाऱ्यापाशी आणि ज्या बंदरात जहाज लागणार त्या बंदरापाशी. एकाच मालकाच्या घरात ठेवलेल्या साखळीला अर्थ नाही. ज्याच्यावर शंका घ्यावयाची, त्याच्याच हाती सर्व शिक्के देण्यासारखे ते होईल.

प्रती अनेक ठिकाणी असण्याचे मोल न्हावा-शेव्याने स्वतः अनुभवले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकीय हल्ल्याने मर्स्क ह्या डॅनिश कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प झाला, आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचेही काम बंद पडले. कंपनीच्या संगणकजाळ्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रांच्या साऱ्या प्रती एकाच वेळी नष्ट झाल्या. वाचली ती एकच, घानामधील कार्यालयातील, आणि तीही केवळ त्या वेळी तेथील वीज गेलेली असल्यामुळे जाळ्याबाहेर राहिली होती म्हणून. ह्या संकटात त्या कंपनीचे वीस ते तीस कोटी डॉलरचे नुकसान झाले. जेथे एवढ्या मोठ्या संस्थेचे दप्तर केवळ योगायोगाने वाचते, तेथे परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक ठिकाणी साक्ष ठेवण्याच्या पद्धतीला चैन म्हणता येणार नाही.

तथापि उत्साहाच्या भरात इतिहासाचे दुसरे पान झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मर्स्कने आयबीएमच्या सहकार्याने २०१८ साली ‘ट्रेडलेन्स’ नावाचा ब्लॉकचेनवर आधारलेला मोठा उपक्रम जागतिक जहाज-वाहतुकीच्या कागदपत्रांसाठी सुरू केला. परंतु एका प्रबळ कंपनीच्या छायेतील दप्तरात आपली माहिती ठेवण्यास प्रतिस्पर्धी कचरले, साऱ्या उद्योगाचे अपेक्षित सहकार्य मिळाले नाही, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तो बंद करण्याचे जाहीर झाले. ह्यात दोष गणिताचा नव्हता. विश्वस्त कोण, हा प्रश्न सुटला नव्हता. म्हणून अशा साखळीची व्यवस्था शासनसंस्था, वर्गीकरण-संस्था आणि खलाशांच्या संघटना ह्यांच्या संयुक्त देखरेखीखाली असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे भूमी ह्या दृष्टीने अगदीच नापीक नाही: भारतीय बंदर संघाच्या सामाईक संगणक-व्यवस्थेला २०२० साली व्यापारी कागदपत्रांच्या हस्तांतरणासाठी ब्लॉकचेनची जोड देण्यात आली, आणि महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीसारख्या दुर्गम भागातही, २०२२ मध्ये पासष्ट हजार जातीचे दाखले ह्या पद्धतीने मोहोरबंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. आदिवासी विद्यार्थ्याच्या दाखल्याला जे संरक्षण देता येते, ते जहाजाच्या दप्तराला देता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

आता सर्वांत गंभीर मर्यादेकडे वळले पाहिजे. साखळी नोंदीला अपरिवर्तनीय करते. सत्य करीत नाही. वर सांगितलेल्या ‘कॅरिबियन प्रिन्सेस’च्या प्रकरणात गुप्त नळीतून घाण सोडणाऱ्यांनी शुद्धीकरणाच्या यंत्रणेतून समुद्राचे स्वच्छ पाणी सोडले होते, ते अशासाठी की यंत्राने सर्व काही नियमानुसार झाल्याची अंकीय नोंद करावी. त्या जहाजावर ब्लॉकचेन असती, तर तिने ती खोटी नोंद तितक्याच निष्ठेने जपली असती. ज्या ठिकाणी सत्य नोंदीत उतरते, त्या पहिल्याच पायरीवर पहारा नसेल, तर पुढील सारी मोहोरबंदी असत्याचेच रक्षण करते. सिंगापूरने ह्या बाबतीत जो क्रम पाळला तो अनुकरणीय आहे: तेथे २०१७ पासून जहाजात भरल्या जाणाऱ्या इंधनतेलासाठी त्याचे वजन थेट मोजणारी यंत्रे सक्तीची केली गेली, आणि मापाचा पाया असा पक्का झाल्यानंतरच १ एप्रिल २०२५ पासून पावत्या अंकीय करण्याची सक्ती आली. आधी माप, मग मोहोर.

आणि मापावर पहारा कोण ठेवणार? ‘कॅरिबियन प्रिन्सेस’च्या प्रकरणाचा उलगडा कोणत्याही यंत्राने केला नाही. जहाजावर नव्यानेच रुजू झालेल्या एका इंजिनिअरच्या नजरेस ती नळी पडली. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचताच त्याने ही गोष्ट अधिकाऱ्यांना कळविली आणि नोकरी सोडली. आणि त्याच वेळी वरिष्ठ हाताखालच्या माणसांना खोटे बोलण्याचा हुकूम देत होते. ब्लॉकचेनचा खरा उपयोग माझ्या मते येथे आहे. कागदाच्या वहीत खोटी नोंद करून घेताना वरिष्ठाला केवळ एक पान आणि एक घाबरलेला कनिष्ठ लागतो. आणि पुढे परदेशी बंदरात तपासणी होऊन बेड्या पडण्याचा प्रसंग आला, की स्वाक्षरी करणारा कनिष्ठही आरोपीच्या पिंजऱ्यात ओढला जातो, कारण नोंद कोणी, केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून बदलली ह्याचा पुरावा त्याच्यापाशी नसतो. बदलाची प्रत्येक खूण टिकवून ठेवणारे दप्तर असेल, तर ‘मी आठ वाजता हे लिहिले होते आणि ते अकरा वाजता बदलले गेले’ हे त्याचे म्हणणे सिद्ध होऊ शकते. विश्रांतीच्या तासांचा तक्ता महिनाअखेर एका बैठकीत जुळविता येत नसेल, तर रात्रपाळीनंतर पुन्हा पहाऱ्यावर उभे केलेल्या कॅडेटची थकलेली अवस्था निदान कागदावर तरी लपत नाही. प्रामाणिक नोंद हे दुर्बळाचे शस्त्र आहे, आणि ज्याच्यापाशी अधिकार नाही त्यालाच तिच्या रक्षणाची सर्वाधिक गरज असते.

कायद्याने ह्या दिशेने एक पाऊल आधीच टाकलेले आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार विद्युत दस्तऐवज न्यायालयात पुराव्यादाखल मांडताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात त्या दस्तऐवजाचा हॅश आणि तो काढण्याची पद्धत नमूद करण्याची जागा आहे. म्हणजे न्यायालयासमोर येताना ठसा द्यावयाचा हे तत्त्व आपण मान्य केले. उणीव इतकीच, की तो ठसा घटनेच्या वेळी काढलेला असावा असा आग्रह जहाजांच्या बाबतीत अद्याप धरला जात नाही, आणि चौकशीला आरंभ झाल्यानंतर काढलेला ठसा तोपर्यंत झालेल्या फेरफाराविषयी काहीच सांगू शकत नाही.

ह्यास्तव तीन गोष्टी एकत्र व्हावयास हव्यात, आणि त्यांतील एकही इतर दोहोंवाचून उपयोगी पडणार नाही. इंधन, सांडपाणी आणि विश्रांतीचे तास ह्यांच्या नोंदींचा ठसा घडल्या वेळीच काढून जहाजमालकाच्या अधिकाराबाहेरील ठिकाणी पाठविण्याची सक्ती, प्रथम भारतीय ध्वजाच्या मोठ्या जहाजांपुरती का होईना, नौवहन महासंचालनालयाने करावी. मोजमाप करणाऱ्या यंत्रांची तपासणी जहाजमालकाने न नेमलेल्या तज्ज्ञांकडून व्हावी. आणि खोटी नोंद करण्यास नकार देणाऱ्या किंवा ती उघडकीस आणणाऱ्या खलाशाला त्याच्या पुढील नोकरीची हमी मिळावी. पहिल्या गोष्टीसाठी गणित सिद्ध आहे, दुसरीसाठी तंत्र सिद्ध आहे. तिसरी मात्र केवळ समाजाच्या आणि शासनाच्या इच्छाशक्तीवर अवलंबून आहे. समुद्रावर चाकरीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापांनी, त्याला शिकविणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण-संस्थेने आणि त्याच्या श्रमावर ज्यांचा माल परदेशी पोहोचतो अशा प्रत्येक कारखानदाराने ह्या तिसऱ्या गोष्टीचा आग्रह धरावा. कारण नोंदवही कितीही अभेद्य केली, तरी तिच्यातील पहिले अक्षर शेवटी एका माणसालाच लिहावयाचे असते, आणि त्या माणसाला सत्य लिहिण्याची मोकळीक मिळवून देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.